सासूबाईंसाठी कंट्रोलर

सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं ते पेणजवळच्या जोहे गावातल्या गणपतीच्या कारखान्यात. लग्न होऊन त्या गावात आल्या तेव्हापासून त्या तिथे डोळ्यांची आखणी करत होत्या. मूर्ती रंगवून झाली की शेवटी बारीक ब्रशाने भुवई, पापणी आणि बुबुळ काढायचं, हे त्यांचं काम. ते करताना कधी काही झालं नाही. काम आटोपून, हात धुऊन पायरी उतरताना त्या घसरल्या. पायरीवर ओली माती सांडली होती. "माती मला दिसली होती," असं त्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मग पाय का ठेवला, असं कोणी विचारलं नाही.

पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि वेळ झाल्यावर काढलं. मनगट जुळलं होतं, पण बोटं आखडली होती आणि अंगठा तर वाकायलाच तयार नव्हता. व्यायाम घेणाऱ्या बाई रोह्यात आमच्या घराजवळच बसतात, म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. सासरे पूर्वीच गेलेले आणि नवरा एकुलता एक, त्यामुळे दुसरीकडे जायचा प्रश्न नव्हता. माझं आणि त्यांचं भांडण नव्हतं. भांडायला जितकं एकत्र राहावं लागतं तितकं आम्ही कधी राहिलोच नव्हतो.

मी एका दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसते. दवाखाना दुपारी बंद असतो, तेव्हा मी घरी असते. नवरा धाटावला केमिकल कंपनीत, शिफ्टमध्ये. म्हणजे दुपारी एक तर तो नसतो, नाही तर झोपलेला असतो. त्या दुपारी आम्ही दोघी टीव्हीसमोर बसायचो. व्यायामाच्या बाईंनी दाबायला एक मऊ पिवळा चेंडू दिला होता. सासूबाईंनी तो थोडा वेळ दाबला आणि बटाट्यांच्या टोपलीत ठेवून दिला. "हा पोरखेळ हाय," त्या म्हणाल्या.

टीव्हीखाली नवऱ्याचा व्हिडिओ गेम होता. त्याच्या कंपनीतल्या एकाची गुजरातला बदली झाली, तेव्हा त्याने घरातलं सामान विकायला काढलं. नवरा कूलर घ्यायला गेला होता. कूलरबरोबर हे मशीन, त्याचा एकच कंट्रोलर आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक गेम घेऊन आला. सुट्टीच्या दिवशी तो शर्यत खेळत बसला की सासूबाई बाजूला बसून बघत. एकदा त्याला कोणाचा तरी फोन आला. कंट्रोलर सोफ्यावर ठेवून तो गॅलरीत गेला. परत आला तेव्हा कंट्रोलर सासूबाईंच्या हातात होता आणि गाडी एका कुंपणाला लागून उभी होती.

"हे वर डावीकडं काडीसारखं हाय त्यानं वळते काय?" त्यांनी विचारलं.

"हां. आणि उजव्या अंगठ्यानं हे बटण दाबलंस की पळते."

त्यांनी उजवा अंगठा बटणावर ठेवला. तो वाकला. पूर्ण नाही, पण चेंडूवर वाकत होता त्यापेक्षा जास्त. मी आणि नवरा, आम्ही दोघांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी व्यायामाच्या बाईंना विचारलं. "अंगठा हलतोय ना?" त्या म्हणाल्या. "मग खेळू दे की."

त्यानंतर दुपारचं जेवण झालं की गेम लागायचा. सासूबाईंची खेळायची पद्धत वेगळी होती. गेममध्ये गाडीचा रंग निवडायची सोय आहे. तिथे त्यांचा बराच वेळ जाई. पन्नास रंग असतील, त्यातला एकही त्यांना मनासारखा वाटत नसे. "हा पिवळा नाय, ही भिजलेली हळद हाय," असं म्हणत त्या पुढचा बघत. मग शर्यत सुरू व्हायची, बाकीच्या गाड्या सुसाट निघून जायच्या आणि सासूबाई सगळ्यांना जाऊ द्यायच्या. "गेल्या त्या. आता रस्ता मोकळा," म्हणून त्या सावकाश निघायच्या. शेवटचा नंबर त्यांनी कधी सोडला नाही.

पण गाडी सावकाश असूनही डावीकडे जायची. कधी कुंपणात, कधी दुकानाच्या भिंतीवर. एकदा पुलावरून थेट खाली पाण्यात गेली. प्रत्येक वेळी त्या म्हणायच्या, "मी बघायला थांबले." पाण्यात काय बघायचं होतं ते मी विचारलं नाही. त्यांनी एकदा मलाही खेळायला दिलं. माझी गाडीही डावीकडे गेली. पण मी पहिल्यांदाच खेळत होते, त्यामुळे ती कुठेही गेली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

एका दुपारी मी ओट्यापाशी भांडी लावत होते आणि त्या बाहेर फोनवर बोलत होत्या. पलीकडे कारखान्याचे मालक होते.

"यंदा डोळ्यांना दुसरं कोन तरी बघ," त्या सांगत होत्या. "हात बरा हाय, पण एका बाजूला ओढतो. सरळ जात नाय."

मी बाहेर आले तेव्हा फोन ठेवून त्या गेम लावत होत्या. मी म्हटलं, "आई, व्यायामाच्या बाई तर हात चांगला झालाय म्हणतात."

"त्यांना डोळे काढायचे नायत," त्या म्हणाल्या.

त्यांनी शर्यत सुरू केली, गाडी थोडी चालवली आणि थांबवली. मग म्हणाल्या, "तू पण एक घे गो. एकटीनं किती फिरायचं."

अशी दुसऱ्या कंट्रोलरची गरज निर्माण झाली. मला वाटलं होतं दुकानात जायचं, कंट्रोलर मागायचा आणि आणायचा. रोह्यात मोबाईलच्या दुकानात एक होता. डब्यावर सगळ्याला चालतो अशा अर्थाचं इंग्रजीत लिहिलं होतं. घरी आणला. त्याचा दिवा लुकलुकत राहिला आणि मशीनने त्याची दखल घेतली नाही. मी परत घेऊन गेले.

"मोबाईलला चालतो," दुकानदार म्हणाला. "कम्प्युटरला पण चालतो."

"आमच्या मशीनला?"

त्याने डबा फिरवून चारही बाजू वाचल्या. "त्याचं काय लिहिलेलं नाय," तो म्हणाला आणि त्याने कंट्रोलर परत घेतला.

मग नवऱ्याने ऑनलाइन मागवला. त्याच कंपनीचा, दिसायला छान, पांढरा. तोही चालला नाही. चौकशी केल्यावर कळलं की तो पुढच्या पिढीच्या मशीनचा आहे. नवऱ्याने मला समजावलं: जुन्या पिढीचा कंट्रोलर नव्या मशीनवर थोडाफार चालतो, पण नव्या पिढीचा कंट्रोलर जुन्या मशीनचं ऐकत नाही.

"मग बरोबर हाय," सासूबाई आतून म्हणाल्या.

तो परत पाठवायला दोन खेपा झाल्या. दरम्यान पेणला हाडांच्या डॉक्टरांना दाखवायची तारीख आली. पेणला बाजारात एक गेमचं दुकान आहे, तिथे मिळेल असं नवऱ्याला कोणीतरी सांगितलं होतं. त्याची रात्रपाळी झालेली, तो झोपला होता. आम्ही दोघी नागोठण्यावरून जाणाऱ्या एसटीने पेणला गेलो. डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं, मूठ वळायला सांगितली आणि आता यायची गरज नाही म्हणाले. सासूबाईंनी "बरं" म्हटलं. आनंद झाल्यासारखं काही दिसलं नाही.

गेमचं दुकान अरुंद होतं. आत मोठा टीव्ही, भिंतीवर कंट्रोलर टांगलेले. दुकानदार तिशीतला असेल. मी कंट्रोलर हवाय म्हटल्यावर त्याने विचारलं, "मुलगा केवढा आहे?"

"बेचाळीस," सासूबाई म्हणाल्या. "पण त्याच्याकडं हाय. आम्हाला हवाय."

दुकानदाराने मशीनचा मॉडेल नंबर विचारला. तो आमच्याकडे नव्हता. मी नवऱ्याला फोन करून उठवलं आणि मशीनच्या मागचा फोटो पाठवायला सांगितलं. त्याने केबलच्या डब्याच्या मागचा फोटो पाठवला. मी पुन्हा फोन केला. मग त्याने मशीनचा पाठवला, पण पुढून. तिसऱ्या फोटोत नंबर होता आणि त्याचा अंगठाही, पण नंबर वाचता येत होता.

"हां, हे होय," दुकानदार म्हणाला. "ह्याला चालतील असे तीन हायत." त्याने तिन्ही काउंटरवर मांडले आणि समजावून सांगितलं. पहिला मूळ कंपनीचा, बिनतारी. दुसरा दुसऱ्या कंपनीचा, तोही बिनतारी, पण बॅटरी लवकर उतरते. तिसराही दुसऱ्या कंपनीचाच, पण वायरचा.

सासूबाईंनी एकेक हातात घेतला. वजन बघितलं, अंगठा ठेवून बघितला, बटणं दाबली. पहिला त्यांच्या हाताला मोठा होत होता. दुसरा त्यांनी धरला आणि दुकानदाराने तो मशीनला जोडला तसा तो घुर्र करून थरथरला. त्यांनी तो लगेच खाली ठेवला.

"गाडी आपटली की तसं होतं, मावशी. खरं वाटावं म्हणून," तो म्हणाला. "बंद करता येतं."

"थरथरणारा नको," त्या म्हणाल्या.

तिसरा वायरचा. तो हाताला बसला. दुकानदाराने तो जोडला आणि गाड्यांचाच एक गेम लावून दिला. सासूबाई स्टुलावर बसल्या. बाकीच्या गाड्या गेल्या. मग त्यांनी आपली गाडी काढली.

गाडी सरळ गेली. वळण आलं, वळली, पुन्हा सरळ गेली. पूल आला, तोही मधोमध पार झाला. सासूबाईंनी गाडी थांबवली, पुन्हा सुरू केली आणि काडीवरचा डावा अंगठा उचलला. गाडी सरळच जात राहिली.

"ही सरळ जाते," त्या म्हणाल्या.

"सरळच जाणार. नवा हाय," दुकानदार म्हणाला.

"आमची डावीकडं जाते."

"जुना हाय ना तुमचा? मग त्याची काडी झिजली असंल. बोट न लावता पण ओढतो तो. सगळ्यांचं होतं तसं."

"बोट न लावता?"

"बोट न लावता."

सासूबाईंनी मान हलवली आणि पुन्हा टीव्हीकडे बघायला लागल्या. त्या शर्यत संपेपर्यंत खेळल्या. दुकानात दोन गिऱ्हाईकं आली, मागे थोडी उभी राहिली आणि निघून गेली; त्यांनाही त्यांनी जाऊ दिलं. शर्यत संपल्यावर कंट्रोलर काउंटरवर ठेवला आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं. ते सगळं प्यायल्या. मला तेव्हा फोनवरचं त्यांचं बोलणं आठवलं आणि इतके दिवस त्या शर्यत नव्हे तर हात तपासत होत्या हे लक्षात आलं. रोज दुपारी माझ्या बाजूला बसून. आणि रोज नापास होत होत्या; काडी डाव्या अंगठ्याखाली असली तरी बटण दाबणारा उजवा हातच सगळं डावीकडे ओढतो, असं त्यांनी धरलं होतं.

"हाच दे," त्या म्हणाल्या. "वायर असली म्हणजे कुठं जोडलंय ते कळतं."

एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. त्यांनी बाकावर बसून कारखान्याच्या मालकांना फोन लावला. दुसऱ्या कोणाला सांगितलंस काय, असं विचारलं. मालकांनी सांगितलं होतं. हमरापूरची एक मुलगी यायलाही लागली होती. 

"बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "मोठ्या मूर्ती तिला दे. बारक्या माझ्यासाठी ठेव. पुढच्या आठवड्यात येते." फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मोठ्यांना उभं रहावं लागतं. पाय दुखतात."

घरी गेल्यावर मी नवऱ्याला जुन्या कंट्रोलरचं सांगितलं. तो म्हणाला, असं काही नाही, मी नेहमी खेळतो. मग त्याने शर्यत लावली, गाडी वेगात आणली आणि काडीवरून अंगठा काढला. गाडी डावीकडे गेली आणि कठड्याला लागली. त्याने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. जुन्या स्कूटरचं हँडल एका बाजूला ओढत असलं की चालवणाऱ्याला ते कळेनासं होतं, तसं त्याचं झालं होतं. काडी तो कायम जराशी उजवीकडे धरून खेळत होता.

"आईनं सांगायला हवं होतं," तो म्हणाला. "गाडी डावीकडे जाते म्हणून."

"त्यांना वाटलं त्यांचा हात जातो."

तो उठला, चपला घालून बाहेर गेला आणि जिताडा मासा घेऊन आला. बाजारात चांगला दिसला म्हणून घेतला, एवढंच म्हणाला. सासूबाईंनी कल्ले उघडून पाहिले, ताजा आहे म्हणाल्या, आणि साफ करायला स्वतः बसल्या. सुरी उजव्या हातात होती. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो, पण टीव्ही लावला नाही.

त्यांच्या उरलेल्या दुपारी आम्ही दोघी मिळून खेळलो. टीव्हीचे दोन भाग व्हायचे, वर त्या आणि खाली मी. जुना कंट्रोलर माझ्याकडे होता आणि मी डावीकडे जात होते. त्या पुढे जाऊन थांबायच्या आणि "ये गो सावकाश" म्हणायच्या. बोलणं फारसं नव्हतं. पण जोह्याला नवी नवरी म्हणून आल्यावर सासूने पहिल्यांदा ब्रश हातात दिला तेव्हा आपण एका उंदराला तीन डोळे काढले होते, हे त्यांनी मला त्याच दिवसांत सांगितलं.

पुढच्या आठवड्यात नवरा त्यांना सोडून आला. त्यानंतर एका रविवारी मी जोह्याला गेले. कारखान्यात रांगेने मूर्ती होत्या, अजून डोळे नसलेल्या. पलीकडे ती हमरापूरची मुलगी स्टुलावर उभी राहून मोठ्या मूर्तीची भुवई काढत होती. सासूबाई खाली बसल्या होत्या, समोर वीतभर उंचीची मूर्ती. बाजूला झालेल्या मूर्ती होत्या, थोड्याच. एक त्यांनी पुसून पुन्हा कोरी केली होती. पूर्वी पुसावी लागत नसे.

"जमतंय काय?" मी विचारलं.

"हळू जमतंय," त्या म्हणाल्या. ब्रश बुबुळावर टेकलेला होता आणि त्यांनी मान वर केली नाही. "बस गो. पण आधी उजेडातून बाजूला हो."

मी बाजूला झाले.