श्रावणात घेतलेली मापं

“यातले अकरा बाजूला काढा, मास्तर,” मेमसाहेब म्हणाल्या. “आणि आतली नावं उसवून टाका.”

बोर्डिंगच्या व्हरांड्यात सतरंजीवर बेचाळीस झगे घडी घालून ठेवले होते. कार्तिक संपत आला होता. नाताळला तीन आठवडे राहिले होते. मी सुई हातात घेतली, पण पहिला झगा उचलायला वेळ लागला.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट आहे. युसूफ वडगावच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान होतं. आसपासच्या गावांत शिलाईची मशीन ती एकच, तीही हातानं फिरवायची. गावापासून मैलभर मिशनचं मुलींचं बोर्डिंग होतं. बीड जिल्ह्यातल्या लांबलांबच्या ख्रिस्ती घरांतल्या मुली तिथं राहून शिकायच्या. शाळा चालवायच्या विलायतेहून आलेल्या मेमसाहेब. मुलींचं खाणंपिणं, दुखणंखुपणं बघायच्या एस्तरबाई, त्या बार्शीकडच्या.

श्रावणात मेमसाहेबांनी मला बोलावणं धाडलं.

“मास्तर, नाताळचे झगे शिवायचे आहेत. बेचाळीस.”

“नाताळ? मेमसाहेब, अजून पोळाबी न्हाई झाला.”

“माहीत आहे. पण तिकडे लढाई चालली आहे. आम्हाला येणारी मदत निम्म्यावर आली. कापड प्रत्येक बाजाराला महाग होतं आहे. दिवाळीपर्यंत थांबले, तर निम्म्या मुलींना झगे आणि निम्म्यांना काही नाही. तसं मला चालणार नाही.”

कापड त्यांनी आधीच बार्शीहून गाडीनं आणवलं होतं. मांजरपाट, बिनधुवट, जाडाभरडा. मी थान उलगडून पाहिलं आणि सांगितलं, “ह्याच्यात बेचाळीस बसायचे न्हाईत.”

“बसवा,” त्या म्हणाल्या.

कापडाच्या रुंदीला आम्ही पन्हा म्हणतो. कटिंगची सगळी अक्कल पन्ह्यात असते. एकेक झगा सुटा कापला तर दोन्ही कडांना चिंध्या उरतात. मी मोठी मुलगी आणि लहान मुलगी अशा जोड्या लावल्या. मोठीचा घेर कापताना जो कोपरा उरतो, त्यात लहानीच्या बाह्या बसवल्या. दोन दिवस नुसता खडूनं आखत होतो. एक्केचाळीस बसले. बेचाळिसाव्यासाठी चार जणींच्या बाह्या कोपराच्या वर घेतल्या.

रंगाचं काय, हा प्रश्न होता. नाताळला पांढरा मांजरपाट घालून पोरी सुतकातल्या दिसल्या असत्या. मेमसाहेब आत गेल्या आणि आपल्या बंगल्याच्या खिडक्यांचे लाल पडदे काढून घेऊन आल्या. उन्हानं ते मधे विटले होते, कडेला चांगले होते. त्या कडांच्या पट्ट्या कापून प्रत्येक झग्याच्या गळ्याला आणि घेराला लावायच्या ठरल्या. बटणं विकत घ्यायची नव्हती. पोरींनी उरलेल्या चिंध्यांच्या गुंड्या वळल्या. दर रविवारी त्यांना गुळाचा खडा मिळायचा. तो त्यांनी आपण होऊन बंद केला आणि डब्यात साठवायला दिला. नाताळला त्याच्या करंज्या करायच्या होत्या.

मापं एस्तरबाईंनी घेतली. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून लिहून घेतली. मुलींना मी हात लावणं बरं दिसलं नसतं, आणि ह्या मुलींना तर गावातले काही लोक सावलीलाही उभं करत नव्हते. मी ते काम घेतलं म्हणून दोन घरांनी लग्नाचे कपडे माझ्याकडून काढून घेतले. श्रावणातलं माप नाताळला उपयोगाचं नसतं, पोरी वाढतात. म्हणून मी शिवणीत आत जास्तीचं कापड ठेवलं. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. कपडा तंग झाला की शिवण उसवून माया सोडायची.

आपापल्या झग्याच्या गळ्याच्या आत मुलींनी लाल दोऱ्यानं आपलं नाव टाकलं. तेवढ्यासाठी एकेक जण माझ्याकडे यायची. त्यात रिबका नावाची होती, नऊ-दहा वर्षांची, चकलांब्याची.

“मास्तर, माझा लांब करा.”

“कावून? समद्यांचा गुडघ्याखाली हाय.”

“माझा बा येनार हाय नाताळाला. दोन वर्सं झाली, त्यानं मला बघितलं न्हाई. मी मोठी दिसाया पायजे.”

“कापड न्हाई, बाई.”

“दोन बोटं तरी.”

मी पडद्याची पट्टी रुंद लावून तिला तीन बोटं वाढवून दिली. तिचा बाप लहानू गावची गुरं राखायचा. तिची आई नव्हती.

त्या साली पाऊस मधेच गेला. ज्वारी कणसं बाहेर पडायच्या आत पोटरीतच वाळली. नवरात्रात ताप आला. पुढे लोक त्याला मानमोडी म्हणायला लागले. माझा थोरला भाऊ दुकानात काजं करायचा. दसऱ्याला जेवता जेवता म्हणाला, मान लई दुखतीया. तिसऱ्या दिवशी तो गेला. पाचव्या दिवशी वहिनी गेली. गावात खांदा द्यायला माणसं मिळेनात, मग गाडीवर घालून न्यायला लागले. माझी मशीन तीन आठवडे बंद होती. मीही पडलो होतो, वाचलो.

दिवाळी कुणी केली नाही. उठून बसता यायला लागल्यावर मी बोर्डिंगवर गेलो. एस्तरबाई ओळखू येत नव्हत्या. मेमसाहेब काठी घेऊन चालत होत्या. साठवलेला सगळा गूळ काढ्यात गेला होता. बेचाळीसपैकी अकरा मुली गेल्या होत्या.

“रिबका?” मी विचारलं.

एस्तरबाईंनी मान हलवली. “चार दिवस काढले तिनं. लई हाल झाले, मास्तर. श्वासच घेता यीना तिला.”

मी शिवणकाम पुरं केलं. थांबून काही होणार नव्हतं, आणि हाताला काम हवंच होतं. तेवढ्यात आजूबाजूच्या गावांतून पोरक्या मुली यायला लागल्या. कुणाचं सगळं घर गेलेलं, कुणाला चुलत्यानं आणून सोडलेलं. चौदा आल्या. एकतीस आणि चौदा, पंचेचाळीस. झगे बेचाळीस. आणि म्हणूनच मेमसाहेबांनी अकरा बाजूला काढायला सांगितले.

“ह्या नव्या मुलींना बसते करा,” त्या म्हणाल्या. “कोणता कोणाचा होता, हे कोणाला कळता कामा नये. आधीच मुली रात्री झोपत नाहीत.”

“आन् कमी पडतील ते तीन?”

“माझं टेबलक्लॉथ आहे.”

दोरा उसवायला सुईचं टोक लागतं, कात्री नाही. कात्रीनं कापड कापलं जातं. दोरा निघाला तरी भोकं राहतात. त्यावर पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली की ती मिटतात. अकरा नावं मी अशी मिटवली. उरलेल्या एकतीस जणींनी आपले झगे अंगावर घालून बघितले, तर एकीचाही तंग होत नव्हता. सगळ्यांचे आत घ्यावे लागले. धंद्यात मला तोवर असं कधी करावं लागलं नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी मी शेवटचे तीन झगे द्यायला गेलो. मेमसाहेब मुलींना घेऊन प्रार्थनेच्या खोलीत गाणी बसवत होत्या. एस्तरबाई चुलीपाशी होत्या. मी व्हरांड्यात एका लहानग्या मुलीच्या गळ्याची गुंडी घट्ट करत होतो. फाटकातून एक माणूस आत आला. अंगावर घोंगडी, हातात काठी, धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधलेलं. पाय भेगांनी फुटलेले.

“राम राम. हितं रिबका राहती न्हवं? मी तिचा बा. चकलांब्याहून आलो.”

आतून एस्तरबाईंनी हाक मारली, “मास्तर, कोन हाय?”

शिंप्यालाही मास्तर म्हणतात, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मी शाळेतला मास्तर आहे असं त्याला वाटलं. तो पायरीवर बसला, मुंडाशातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

“हे तुमचं पत्र आलतं, मास्तर. दिवाळीच्या आगंमागं. आमच्या वस्तीत वाचनारा एकच हुता, त्योबी गेला तापात. म्हनलं, कशाला कुनाच्या दारात जायाचं? नाताळाला जायाचंच हाय. पोरगीच वाचून दावील.”

मेमसाहेबांनी अकराही घरांना पत्रं घातली होती. त्यातलं हे चकलांब्याला पोचलं होतं. बापानं ते दीड महिना डोक्यावर बांधलं होतं.

मी त्याला थांबा म्हणू शकलो असतो. एस्तरबाईंना बोलावू शकलो असतो. पण त्यानं कागद माझ्या हातात दिला होता आणि माझ्या तोंडाकडे बघत होता. मला बालबोध अक्षर वाचता येत होतं. मी वाचलं. पत्र चारच ओळींचं होतं. रिबका तापानं आजारी पडली, देवाघरी गेली, तिला इथंच माती दिली, तिला फार त्रास झाला नाही. शेवटचं वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं. लिहिलं होतं तसं वाचलं.

तो म्हणाला, “आनखी एकदा वाचा.”

मी पुन्हा वाचलं. तोवर एस्तरबाई बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता.

“तिनं सांगून धाडलं हुतं,” तो म्हणाला. “मिशनच्या मेळ्याला आलेल्या मानसाजवळ. नाताळाला नवा झगा हाय म्हून. झालता का तो?”

“झालता.”

“दावा की.”

मेमसाहेबांनी कोणाला कळू द्यायचं नाही असं बजावलं होतं. पण हा बाप होता. मी गुंडी लावत होतो त्याच मुलीच्या अंगात रिबकाचा झगा होता. तेलगावकडून आलेली सहा-सात वर्षांची पोर, नाव गया. आल्यापासून ती कुणाशी बोलली नव्हती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“हा.”

लहानू पायरीवरूनच वाकला. त्यानं झग्याची किनार दोन बोटांत धरली. मी आत घातलेली दुमड त्याच्या बोटाला लागली.

“हे आत कावून दुमडलंय?”

“ही पोर लहान हाय. रिबकाला लांब पायजे हुता. तुमी येनार म्हून. मोठी दिसाया पायजे म्हनली.”

एस्तरबाई घाईनं म्हणाल्या, “दादा, तुमाला पायजे असला तर न्या. हिला आमी दुसरा बघू.” पण दुसरा नव्हता. गया दोन्ही हातांनी झगा धरून उभी राहिली.

लहानूनं किनार सोडली. “राहू द्या. थंडी हाय. हे लेकरू वाढंल त्याच्यात.”

मग त्यानं धोतराचा सोगा सोडला. त्यात बोरं होती, वाटेतल्या बोरींची. ती सतरंजीवर ओतली. रिबकाला कुठं ठेवलंय ते विचारलं. एस्तरबाई त्याला ओढ्याकडच्या अंगाला घेऊन गेल्या. तिथून तो परत आलाच नाही, परस्पर वाटेला लागला. पत्र मात्र ओढ्याकडे जाण्याआधी त्यानं माझ्या हातातून घेऊन पुन्हा मुंडाशात घातलं होतं.

मेमसाहेब काठी टेकत बाहेर आल्या तेव्हा तो गाडीवाटेच्या वळणावर होता.

“रिबकाचे वडील ना? त्यांना पत्र मिळालं नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

“मिळालं हुतं,” मी म्हणालो.

नाताळ झाला. पंचेचाळीस मुली लाल पट्टीचे झगे घालून रांगेत उभ्या राहिल्या आणि गायल्या. करंज्या नव्हत्या. भाकरी, बेसन आणि बोरं होती. एकही झगा अपुरा पडला नाही. काम म्हणून बघितलं तर माझ्या हातून इतक्या कमी कापडात इतकं काम पुन्हा झालं नाही.

पुढची कितीतरी वर्षं मी तिथले नाताळचे कपडे शिवले. मेमसाहेब कापड श्रावणातच घ्यायच्या, ते बरोबरच होतं. मापं मी कार्तिकाच्या आधी घेतली नाहीत. आणि त्यानंतर बोर्डिंगात कुणी मूल गेलं, तर त्यांनी पत्र घातलं नाही. माणूस पाठवला. लांबचं गाव असलं आणि कुणी मोकळं नसलं, तर दोनदा मीच गेलो.