इंदिराक्कांच्या नावाने दोन ओळी

हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. एकमेकांच्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत आम्हाला, पण हे — नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. की तुम्ही इंदिराक्कांना ओळखत नाही म्हणून?

मी इंजिनियर. बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात, ड्रॉइंगच्या विभागात, अठ्ठावीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग काढले. आधी कागदावर, मग कॉम्प्युटरवर. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मनात एवढंच होतं, की आता असं काहीतरी काढायचं जे कशाचाच भाग नसेल.

त्रिमिती चित्रं करायचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं. उघडलं की पडद्यावर मधोमध एक राखाडी ठोकळा. तो ओढायचा, वाकवायचा, त्याला काचेचा नाहीतर कापडाचा पोत द्यायचा, दिवे लावायचे, कॅमेरा ठेवायचा. मग रेंडर करायचं — म्हणजे उजेड कुठे कसा पडेल ते कॉम्प्युटर शोधत बसतो आणि दाणेदार धुक्यातून चित्र हळूहळू वर येतं. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून, व्हिडिओ बघत बघत, मी सगळं शिकले. वर्षभर काचेचे गोळे केले, वळलेल्या पट्ट्या केल्या. एकही चूक काढता आली नसती. आणि त्यात जीव नव्हता — हे तेव्हाही मला कळत होतं. कळत नव्हतं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

इंदिराक्का चामराजपेटेत ब्लाउज शिवायच्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, निपाणीकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. मराठी आणि कन्नड एका दमात बोलायच्या. इंग्रजी मात्र दुकानाच्या पाटीपुरतं. नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन हुबळीला. एकदा माप देताना माझ्या फोनवरचं चित्र त्यांनी पाहिलं.

“हे काय आहे ओ वैनी?”

“कशाचं नाही. नुसता आकार आहे.”

“कशाचं नाही तरी एवढं केलंय?” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “मला दाखवा की.”

मुलीने इंटिरियर डिझाइनच्या कोर्ससाठी घेतलेला कॉम्प्युटर दुकानामागच्या खोलीत पडून होता. मी आठवड्यातून दोन दुपारी जाऊ लागले. बटणांची नावं देवनागरीत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली. शिकवताना मला छान वाटायचं — मी मोठी, मी जाणकार. त्या छान वाटण्याबद्दलही बोलायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये कापड वरून सोडता येतं. ते आपल्या वजनाने खाली येतं, अडेल तिथे चुण्या पडतात. मी सोडलेलं कापड बघून त्या म्हणाल्या, “उभ्या धाग्यात धरलंय ओ तुम्ही. स्वल्प तिरकं करा. उरेब धरा, मग बघा कसं पडतंय.” कॉम्प्युटरात कसला आलाय धागा, असं मी म्हणणार होते. पण पडद्यावरच्या कापडाची जाळी तिरकी फिरवली आणि कापड खरोखर ओघळलं, जड, ओलं असल्यासारखं. वर्षभर मी ज्याच्यामागे होते ते त्यांनी नुसत्या नजरेने सांगितलं होतं.

चार महिन्यांत त्यांनी एक चित्र केलं. विटकरी रंगाचं कापड, नुसतं उभं. आत कोणी नाही, खाली काही नाही. एका बाजूने उजेड. पण बघताना वाटायचं, आत्ताच यातून कोणीतरी उठून गेलंय. मी ते बराच वेळ पाहिलं. मग म्हटलं, “दिवा जरा कमी करायला हवा.” दिवा बरोबर होता.

व्हाइटफील्डला एका कलादालनात अशा चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं, त्यासाठी चित्रं मागवली होती. दोघींचे अर्ज मीच भरले. इंदिराक्कांना ई-मेल नव्हता, म्हणून दोन्हीकडे माझाच पत्ता, माझाच नंबर. यात कपट नव्हतं. इथपर्यंत नव्हतं.

डिसेंबरातली दुपार. समोर अवरेकाईच्या शेंगा, मी सोलत बसलेली. फोन वाजला, दोन मेल एकामागून एक. पहिला मला — आपलं चित्र निवडता आलं नाही. दुसरा त्यांना — निवडलंय. आणि खाली परीक्षकांनी आपणहून दोन वाक्यं लिहिली होती त्या कापडाबद्दल. ती वाक्यं मला पाठ आहेत. इथे लिहिणार नाही. ती माझी नाहीत.

मी काय केलं असेल असं वाटतं तुम्हाला? मेल पुसला? नाही, तेवढंच केलं असतं तर विसरले असते कदाचित. मी शेंगा सोलून संपवल्या. दाणे धुतले. हात पुसले. मग कॉम्प्युटरसमोर बसून उत्तर लिहिलं — घरच्या अडचणीमुळे मला भाग घेता येणार नाही, माझं नाव काढून टाकावं, ही विनंती. दोन ओळी. आणि खाली त्यांचं नाव. पूर्ण नाव, आडनावासकट. स्पेलिंग बरोबर आहे ना, हेसुद्धा पाहिलं.

राग नव्हता. कारखान्यात एखादं ड्रॉइंग तपासून सही करावी तसं झालं ते.

दुसऱ्या दिवशी चामराजपेटेला गेले. बसमध्ये वाटत होतं, अजून वेळ आहे, एक फोन केला तर सगळं परत जागेवर येईल. दुकानात शिरले. इंदिराक्का मशीनवर होत्या. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारायच्या आधीच त्यांचा चेहरा फुलला — कारण मी शिकवायचा वार नसताना आले होते. चांगली बातमी असल्याशिवाय कशाला येईन?

“दोघींचंही नाही झालं, अक्का,” मी म्हटलं.

क्षणभर त्यांचा पाय मशीनवर तसाच राहिला. मग त्या उठल्या, माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं. “माझं राहू दे ओ. मी काय, चार दिवसांची. तुमचं तरी घ्यायला पाहिजे होतं. एवढं शिकलेलं माणूस तुम्ही.” समोरच्या टपरीवरून माझ्यासाठी कॉफी मागवली. मी ती प्याले. त्यांनी माझी समजूत काढली आणि मी ती काढू दिली!

त्यांनी आणखी एक चित्र सुरू केलं होतं. ते पुढे गेलं नाही. “डोळ्यांना ताण होतोय ओ,” म्हणाल्या एकदा. पुढच्या वेळी गेले तर कॉम्प्युटरवर अस्तराच्या कापडाचा गठ्ठा. नंतर मुलगी येऊन कॉम्प्युटर घेऊन गेली.

प्रदर्शन मी बघायला गेले, एकटी, मेट्रोने. काय बघायला गेले होते? ते चित्र तिथे नाही, याची खात्री करायला, बहुतेक. नव्हतं.

मी थांबले नाही. पुढच्या दोन वर्षांत माझी चित्रं निवडली गेली, एकदा नाही, तीनदा. सगळ्यांत कापड आहे. सगळं तिरकं धरलेलं. हे कुठून सुचलं, असं लोक विचारतात. मी म्हणते, सरावाने. आता शनिवारी सहा-सात बायका माझ्याकडे शिकायला येतात. त्यांनाही मी उरेब शिकवते, आणि कोणाकडून शिकले ते सांगत नाही.

इंदिराक्कांनी दुकान बंद केलं. हुबळीला मुलीकडे असतात. एका डोळ्याने फारसं दिसत नाही. संक्रांतीला न चुकता फोन करतात. या संक्रांतीलाही केला. माझी बातमी फोटोसकट पेपरात आली होती, ती मुलीने त्यांना वाचून दाखवली म्हणे. किती आनंद होता आवाजात! शेजारणींना सांगितलं म्हणाल्या, ह्या बाईंना मी ओळखते, माझ्या दुकानात येत होत्या.

मग म्हणाल्या, “मी एका फटक्यात सोडून दिलं बघा. तुम्ही नाही सोडलं. तुमच्यात चिकाटी होती, वैनी. माझ्यात नव्हती.”

मी “हो” म्हणाले.