खुंटीवरची शेरवानी

शहागंजात एक ख्रिस्ती शिंपी होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मशीनच्या वर लाकडी क्रूस होता आणि शेजारच्या खुंटीवर मलमलीत गुंडाळलेली काळी शेरवानी. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या आधी, निजामाच्या राज्यात, कुणीतरी ती शिवायला टाकली, आणि नंतर ते सगळं घरच शहर सोडून गेलं. हा मात्र दर हिवाळ्यात तिला ऊन दाखवायचा, डांबराच्या गोळ्या बदलायचा.

पौषातल्या एका सकाळी त्याच्या पायरीवर एक म्हातारा कुडकुडत बसला होता. शिंप्यानं अंगातला कोट काढून त्याला घातला, गळ्याची गुंडी स्वतः लावली, आणि नुसत्या सदऱ्यावर पुन्हा कामाला बसला. दुसरा कोट त्याच्याकडं नव्हता. मला त्याचा थोडा रागच आला.

"अहो, ती शेरवानी इतकी वर्षं नुसती लटकलीय. ती द्यायची की."

"ती माझी हाय व्हय?" सुईत दोरा ओवत तो म्हणाला. "दुसऱ्याचं देऊन दयाळू व्हायला काय लागतंय, साहेब?"

थंडीनं त्याची बोटं थरथरत होती. दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. शेवटी मीच ओवून दिला.