न्यायाधीशांच्या घरची शिकवणी

डहाणूला बदलून आलेल्या न्यायाधीशांची बायको लातूरकडची. बाजारात निम्मी माणसं गुजरातीत बोलतात, म्हणून त्यांना ती भाषा शिकायची होती. मी जवळच्याच नरपड गावची, चौथीपर्यंत गुजराती शाळेत शिकलेली आणि तेव्हा मराठी शाळेत शिक्षिका. कुणीतरी माझं नाव सुचवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की मी त्यांच्या क्वार्टरवर जायची.

शिकवणी कसली, गप्पाच. मी त्यांना वहिनी म्हणायची. गुजराती अक्षरांवर रेघ नसते याचं वहिनींना फार हसू यायचं. सगळी बिनटोपीची पोरं, म्हणायच्या. निघताना डब्यातून शेंगदाण्याची चटणी द्यायच्या. डबा रिकामा कसा परत करायचा, म्हणून मी त्यातून तांदळाचे वडे न्यायची. साहेब क्वचित दिसत. दिसले तर मान हलवून आत जात.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. आमच्या चिकूच्या वाडीकडे जाणारी वाट शेजाऱ्याने अडवली होती आणि सासऱ्यांचा त्याबद्दलचा दावा साहेबांच्याच कोर्टात होता. आधी वाटलं, आपला काय संबंध. पुढे ते तास इतके आवडायला लागले की सांगायची भीती वाटू लागली.

शेजाऱ्याने मोबाइलवर माझा फोटो काढला, डबा घेऊन फाटकातून आत शिरतानाचा. तो जोडून त्याने जिल्हा न्यायालयात अर्ज केला, की वादीची सून न्यायाधीशांच्या घरी जाऊन त्यांच्यावर वजन टाकते, दावा दुसऱ्याकडे द्यावा. साहेबांनी हरकत घेतली नाही. हे नातं मला माहीत नव्हतं, पण शंका आली आहे तर दावा माझ्याकडे नको, असं त्यांनी लिहून कळवलं.

आमच्या वकिलांकडून हे कळलं तशी मी क्वार्टरवर गेले. वहिनी दारात आल्या. आत या म्हणाल्या नाहीत.

"बाई, तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही," त्या म्हणाल्या. "पण ह्यांनी विचारलं तेव्हा मला तुमच्याबद्दल काहीच सांगता आलं नाही."

"मागितलं नाही, वहिनी. पण एकदा मनात आलं होतं."

"ते आता मला सांगू नका," वहिनी म्हणाल्या आणि हळूच दार लोटून घेतलं.

दावा दुसऱ्या कोर्टात गेला. दोन वर्षांनी निकाल आमच्या बाजूने लागला, वाट मोकळी झाली. त्याआधीच साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या सामानाचा टेम्पो गेल्याचं मला शाळेच्या शिपायाकडून कळलं.

शेजारी आता भेटला की बोलतो, मीही बोलते. त्याचा संशय फिटला का, मी कधी विचारलं नाही. घरात तो विषय कुणी काढत नाही. मला मात्र ते दुपारचे तास आठवतात. ओट्यावर वाळत घातलेल्या कुरडया, कुरकुरणारा पंखा आणि वर्तमानपत्रातली जाहिरात अडखळत, मोठ्याने वाचणाऱ्या वहिनी. एवढं मोकळं मी नंतर कुणाच्या घरी बसले नाही.