आत्तींच्या खुर्चीएवढ्या उंचीची गाडी

ज्या खुर्चीवरून आत्ती कुणाचा हात न धरता उठतात, तिच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची मी दोऱ्यानं मोजली, दोऱ्याला गाठ मारली, देवाला दिवा लावला आणि गुरुवारी सकाळी आम्ही दोघं नवरा-बायको जुनी गाडी बघायला निघालो.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. घरात काठी घेऊन फिरतात, पण रिक्षाची पायरी चढवत नाही आणि हल्लीच्या छोट्या गाड्यांच्या सीटा इतक्या खाली, की एकदा बसल्यावर उठता येत नाही. मागं एकदा दवाखान्याच्या दारात, सगळ्या लोकांसमोर, आम्ही दोघांनी त्यांना ओढून भाड्याच्या गाडीबाहेर काढलं. घरी आल्यावर त्या एवढंच बोलल्या, "पुन्हा मला कुठं न्हेऊ नगा." तेव्हापासून पिरनवाडीच्या आमच्या घराचं फाटक त्यांनी ओलांडलं नाही. दवाखान्यात व्यायामाला नाही, सोमवारी कपिलेश्वराच्या देवळात नाही. डॉक्टरांनी तर सांगून ठेवलं होतं, बाहेर चालल्या नाहीत तर पाय आखडून बसेल.

म्हणून मी पन्नाशीत गाडी शिकले. आमचे हे कारखान्यात फिटर आहेत. ते म्हणाले, "जुन्या गाड्या बघूया. तेव्हाच्या सीटा खुर्चीसारख्या असायच्या."

बेळगावहून निपाणीला सरकारी बसनं दीड-पावणेदोन तास लागतात. कर्नाटकात बायकांना तिकीट नाही, त्यामुळं आमच्या प्रवासाचा खर्च म्हणजे ह्यांचं तिकीट. डबा घरचा, दशम्या आणि शेंगाची चटणी. खिडकीतून संकेश्वरपर्यंत उसाचे फड बघत मी मनात रामरक्षा म्हणत होते, कारण हमरस्त्यावरचे ट्रक बघून वाटलं, हे सगळे आता आपल्यालाही ओलांडावे लागणार.

निपाणीत महामार्गाकडेला जुन्या गाड्यांचा एक विक्रेता आहे. त्याच्याकडं लालभडक पद्मिनी गाडी उभी होती, नवरीसारखी चकाकत. मी आधी नंबराची पाटी बघितली. आमच्या सीमाभागात रंग नंतर, नंबर आधी. पलीकडची महाराष्ट्राची गाडी स्वस्त सांगतात, पण इकडं रोज वापरायची तर तिकडचा ना-हरकत दाखला, इकडचा कर आणि हेलपाटे. ही मात्र इकडचीच निघाली.

ह्यांनी खिशातून फ्रिजवरचे गणपतीबाप्पा काढले. मागं लोहचुंबक आहे ना! चांगल्या पत्र्याला ते चिकटतं. गंज लपवायला लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारला असेल तिथं चिकटत नाही. घरात दुसरं लोहचुंबक नव्हतं. दाराच्या वरच्या भागाला बाप्पा चिकटले, खालच्या भागाला लावले तर सुळकन घसरले. मी पदरात झेलले.

विक्रेता हसायला लागला. "वैनी, देवाला कशाला घालतासा ह्यात?"

"आम्ही घातलं न्हाय अण्णा, त्यांनीच सांगितलं," मी म्हणाले.

दोऱ्यानं सीट मोजली, तीही गाठीपासून चार बोटं खाली. तिथंच दशम्या खाल्ल्या आणि विक्रेत्यानं दिलेला चहा प्यालो. माणूस तसा चांगला. त्यानंच सांगितलं, "सदलग्याला एक आप्पा हायत. त्यांची अँबेसेडर रोज चालती. इकायची म्हनत हुते. जावा, बघा."

निपाणीहून बोरगाववरून सदलगा साधारण तासाभराचं. ऊस, ऊस आणि ऊस. आप्पा जैन शेतकरी, पंचाहत्तरीचे. "बर्री, बर्री" म्हणत कन्नडात स्वागत केलं आणि आम्ही मराठी दिसल्यावर लगेच मराठीवर आले. त्यांच्या पत्नी, आक्का, मागून पाणी घेऊन आल्या.

गाडी सायीच्या रंगाची, गोठ्याशेजारी उभी. रंग ठिकठिकाणी उडालेला, मागच्या सीटवर पेंडीच्या पोत्याचा वास. पण बाप्पा जिथं लावले तिथं चिकटले. दार, तळ, मडगार्ड, सगळीकडं. आप्पा म्हणाले, "पस्तीस वरसं रोज चाललीया. शेत, बस्तीचं देऊळ, बाजार. उभी ऱ्हायली की गाडी मरती. आता मला दिसंना झालंय, म्हनून द्यायची."

मी दोरा काढला. गाठ सीटच्या कडेला अगदी बरोबर लागली. मला इतका आनंद झाला की ह्यांचा हात दाबला. तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "अगं, रिकामी सीट मोजतीयास. माणूस बसल्यावर ती खाली जानार न्हाय व्हय?"

एवढा दोरा घेऊन फिरले, आणि हे सुचलंच नाही.

"सर बाजूला," म्हणून आक्का स्वतः बसल्या. मी पुन्हा दोरा धरला. गाठ जेमतेम एक बोट वर राहिली. "माझं बी गुडघं गेल्यात," त्या म्हणाल्या, "म्हनून स्प्रिंगवर काथ्याची गादी घालून घेतलीया. आता बघ, उतरायचं कसं. आदी दोनी पाय भाईर. मग हात हितं, दाराच्या खांबाला. मग उठायचं. मान खाली घालू नको, छत उंच हाय." आणि काठीशिवाय उभ्या राहिल्या.

आप्पांनी मला चालवायला दिली. गिअर स्टिअरिंगच्या चाकाशेजारी दांड्याला, चाक जड. "उभ्या गाडीत चाक फिरवू नको, जरा हलू दे, मग फिरव," त्यांनी शिकवलं, आणि खरंच हलकं झालं. सकाळी चोक ओढायचा, लिटरला दहा-अकरा किलोमीटर समजायचे, ब्रेक लवकर दाबायचा. वातानुकूलन नाही, पण काच उतरवली की उसाचं वारं आत येतं.

दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण. आम्हालाही बसवलं. भाकरी, मटकीची उसळ, दही, कांदा-लसूण काही नाही, तरी चव अशी की मी आक्कांना कृती विचारून घेतली. आप्पांनी एक लाख चाळीस हजार सांगितले. हे घासाघीस करायला तोंड उघडणार, तोवर मी आक्कांच्या पायांकडं बघितलं आणि ह्यांना गप्प केलं. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदा झालं.

कागदपत्रं होऊन गाडी आणायला पंधरा दिवस गेले. येताना हमरस्त्यावर ट्रक आम्हाला ओलांडून जात होते आणि त्यातले दोघे हॉर्न वाजवून हसत होते. मी डाव्या बाजूनं, पन्नासच्या वर नाही.

आत्ती पहिल्या दिवशी बसल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी अंगणातच बसून बघितलं. तीन दिवस आक्कांची रीत रोज घोकली: पाय, हात, उठ. मग सोमवारी व्यायामाला गेलो. जाताना-येताना मी धरायला होतेच. सारखं वाटायचं, त्यांना एकटीनं जमेल का?

तिसऱ्या सोमवारी परतताना शहापुरात भाजीसाठी थांबले. आत्ती गाडीत. मेथी घेऊन वळले, तर गाडीचं दार सताड उघडं आणि सीट रिकामी.

माझ्या हातातली पिशवी पडली. धावत गेले. गाडीपलीकडं फुलवालीसमोर आत्ती काठी टेकून उभ्या, एकट्या, आणि भांडत होत्या.

"बघ की गं," मला बघून म्हणाल्या, "दोन वर्सं भाईर आले न्हाय तर हिनं हाराचा भाव किती चढवलाय!"