मुख्य आराखडाकार, डोंगरउतार

सदर इसम श्री. राजस देवपुजारी, मूळ राहणार नागपूर, हल्ली मुक्काम फ्रीमाँट, कॅलिफोर्निया, हे डोंगरउतारावर यंत्राद्वारे बांधावयाच्या घरांचे मुख्य आराखडाकार असून, सदर विषयातील त्यांचे ज्ञान दुर्मिळ असल्याने त्यांचे या देशात राहणे इष्ट आहे.

हे व्हिसाच्या वकिलाचं म्हणणं. त्यात खोटं काही नाही. एका जागी राहणं मात्र राजसला जमत नाही. कुणाकडे पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, गेला की तो प्लेट घेऊन मागच्या अंगणात जातो आणि जमिनीला किती उतार आहे ते बघत उभा राहतो. त्याची बायको राधिका आता काही बोलत नाही. मुलगी सिया बोलते. "बाबा, सिट," म्हणते, शेजारच्या कुत्र्याला सांगते त्याच सुरात. कुत्रा बसतो.

अस्वस्थतेचं कारण धंद्यातलं होतं. घर छापणारं यंत्र म्हणजे एक लांब हात, त्याच्या टोकाला नळी, नळीतून टूथपेस्टसारखं बाहेर येणारं काँक्रीट, थरावर थर. या यंत्राला सपाट जमीन लागते. म्हणून लोक आधी टेकडी कापतात, मग घर बांधतात, आणि एखाद्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, पाऊस लागून राहिला की उरलेली टेकडी घरात येते. राजसनं टेकडीला हात लावला नाही. घरच टप्प्याटप्प्यानं खाली उतरवलं, एका टप्प्यावर एक खोली, आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्रानं आपले पाय कमी-जास्त करून स्वतःच तोल सांभाळायचा. कागदावर हे फार छान दिसायचं.

कंपनीच्या मालकाला, शिवला, ते कागदाबाहेर बघायचं होतं. शिव जन्मानं इथलाच. मराठी त्याला समजतं, बोलायची वेळ आईशिवाय कुणी आणत नाही. त्यानं सरळ सांगून टाकलं होतं की पैसे गुंतवायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर एक भिंत उभी राहिली तर डोंगरावरचं काम चालू राहील, नाहीतर कंपनी टेक्ससला जाईल. तिथे जमीन सपाट आहे आणि यंत्राला पायांचा विचार करावा लागत नाही.

राजसनं सकाळची वेळ मागितली, कारण दुपारी त्या टेकडीवर खाडीकडून वारा सुटतो. पण पाहुण्यांना जेवण दुपारचं सांगितलेलं होतं, म्हणून भिंतही दुपारची ठरली.

भिंत गुडघ्याएवढी झाली आणि यंत्राचा हात हवेतच थांबला. बिघाड नव्हता. वारा ठरल्यापेक्षा वाढला की थांबायचं, ही मर्यादा राजसनंच घातली होती. पाहुणे उताराच्या खालच्या अंगाला समोसे खात उभे होते. नळीतलं काँक्रीट घट्ट व्हायला लागलं. शिव जवळ आला आणि, बहुधा इतरांना कळू नये म्हणून, मराठीत बोलला.

"लिमिट थोडं वर कर ना यार. कोण बघतंय?"

"यंत्र कललं तर हात खाली जाईल. त्यांच्या अंगावर."

"कलेल?"

"माहीत नाही."

"मग कर."

"माहीत नाही म्हणूनच नाही करत."

शिव थोडा वेळ थांबला, वाऱ्यासाठी की राजससाठी ते सांगता येत नाही. मग पाहुण्यांकडे वळून त्यानं इंग्रजीत जाहीर केलं की आपली सेफ्टी सिस्टिम किती उत्तम चालते ते आपण आत्ताच पाहिलंत. टाळ्या पडल्या. राजस तेवढ्या वेळात भिंतीला फेऱ्या मारत होता. नळीत दगड झाला.

कंपनी टेक्ससला गेली. राजसला काढलं नाही, उलट नेलं, आणि सपाट जमिनीवरच्या घरांचे आराखडे काढायला बसवलं. बसवलं म्हणजे खुर्ची दिली. आता व्हिसाच्या कागदावरचा हुद्दा बदलून घ्यायचा का, असं त्यानं वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, अजिबात नको, ग्रीन कार्डच्या रांगेत घोळ होईल, शहर तेवढं बदलू. त्याप्रमाणे कागद गेले आणि मंजूर होऊन आले. श्री. देवपुजारी आजही डोंगरउतारावरील घरांचे मुख्य आराखडाकार आहेत, त्यांचे ज्ञान दुर्मिळ आहे, आणि त्यांचे हल्ली मुक्काम प्लेनो, टेक्सस येथे राहणे इष्ट आहे.

प्लेनोत डोंगर नाही.