शेंद्र्याचा पाय

बबन माझ्याच शाळेत शिकला. हे मी आपण होऊन कोणाला सांगत नाही. कोणी विचारलंच तर नाकारत नाही, एवढंच. इंझोरीची शाळा म्हणजे तेव्हा एक खोली आणि मी एकटा मास्तर. माझ्या हाताखालून गेलेली बरीच पोरं शेतात गेली आणि माणसं झाली. हा एक शिकत शिकत थेट शेतकी कॉलेजात जाऊन चिकटला.

कॉलेज लांबच्या शहरातलं, युनिव्हर्सिटीला जोडलेलं. नाव घेत नाही, उगाच कोणाचा रोष नको. तिथं हा 'रिसर्च असिस्टंट'. गावात आला की हे दोन शब्द विड्यासारखे तोंडात घोळवायचा. मी एकदा विचारलं, बाबा रे, शोध कशाचा लावतोस? तर म्हणाला, शोध प्रोफेसरसाहेब लावतात. आपण तक्ते टांगायचे, बियांच्या बाटल्या भरायच्या, शिकवायला लागणारं सामान तयार ठेवायचं, आणि साहेब नसले की तेच पोरांना दाखवायचं. काम वाईट नव्हतं हो. मन लावलं असतं तर चांगलंच होतं. पण या पठ्ठ्यानं काय केलं, तर कपाशीच्या सात जातींची बोंडं मागितली होती, ती एकाच झाडाची तोडून सात बाटल्यांत भरली आणि वर सात चिठ्ठ्या डकवल्या. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं. मला त्याच्या हसण्याचीच किळस आली.

त्याला वाढवलं चुलत्यानं. पुंजाजी म्हणजे अक्षरशत्रू माणूस, पण जनावराच्या अंगावरून नुसता हात फिरवून त्याचं दुखणं सांगायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. होता तो एक बैल, शेंद्र्या. चौदा वर्षं त्यानं पुंजाजीचं शेत ओढलं, आणि त्या शेतावर बबनचं शिक्षण झालं. सन पस्तीसच्या उन्हाळ्यात शेंद्र्या गेला तेव्हा पुंजाजीनं त्याला कोणाला ओढून नेऊ दिलं नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बाभळीखाली खोल खड्डा खणला, हळद-कुंकू लावलं, आपलं नवं धोतर पांघरलं आणि पुरलं. मी होतो तिथं, बबनही होता.

"याले कोनी हात लावू नका," पुंजाजी म्हणाला. "मले दुसरं काई नाई पायजे. हा इथंच राह्यला पायजे."

बबननं मान हलवली होती. मी पाहिली आहे ती मान हलताना.

तीन वर्षांनी कॉलेजात बैलाचा पुरा सांगाडा हवा होता. पोरांना हाडं शिकवायची होती. जूनपर्यंत सांगाडा उभा केलास तर तुझी नोकरी कायम करतो, असं साहेब बबनला म्हणाले. आता मेलेलं जनावर शहरात काय मिळत नाही? मिळतं. पण मग ते सोलायचं, उकळायचं, घासायचं, वास सोसायचा. बबनरावांचे हात त्यासाठी नव्हते. त्यांना आठवलं, की आपल्या काळ्या मातीत एक बैल तीन वर्षं आयता साफ होऊन पडला आहे.

आम्ही गावातले सगळे रिसोडला लग्नाला जाणार होतो. नेमका तेव्हाच हा आला. कॉलेजसाठी शेतातल्या मातीचे नमुने न्यायचे आहेत म्हणाला. पुंजाजीला कोण आनंद! लागेल तेवढी माती ने, म्हणाला. लग्नाच्या पंगतीत तो माणूस ज्याला-त्याला सांगत होता, की आमच्या वावरातली माती कॉलेजात चालली. आणि इकडे पुतण्यानं दोन रोजंदार लावून धुरा खणला, हाडं गोण्यांत भरली, खड्डा बुजवला आणि बैलगाडीनं कारंजा स्टेशन गाठलं. हे मला फार मागाहून कळलं, त्याच्याच तोंडून. पुंजाजी मात्र हाडं गेल्यावरही दर पोळ्याला त्या रिकाम्या जागेवर पुरणपोळी ठेवून येत होता.

सन चाळीसला कॉलेजात शेतकऱ्यांसाठी प्रदर्शन भरलं. आपापल्या गावची माणसं आणा, असा हुकूम होता. बबननं पत्र धाडलं, मी पुंजाजीला घेऊन गेलो. तुम्ही म्हणाल, याला भीती नाही वाटली? अहो, तो विसरला होता! निगरगट्ट असता तरी एक वेळ परवडलं असतं. याच्या लक्षातच नव्हतं, की तो सांगाडा कोणाचा आहे.

बबन आम्हाला घेऊन गेला त्या मोठ्या खोलीत सांगाडा तारांनी बांधून उभा केलेला. पुंजाजी सहज त्याच्याभोवती फिरला. मग पुढच्या पायाशी खाली बसला आणि गुडघ्याखालच्या नळीवरून हात फिरवू लागला. तिथं हाडावर सुपारीएवढी गाठ होती. गोऱ्हा असताना शेंद्र्याचा पाय मोडला होता, पुंजाजीनं बांबूच्या कामट्या बांधून महिनाभर त्याला उचलून उभं केलं होतं, त्या मोडीची ती गाठ. हात तिथंच ठेवून त्यानं बबनकडे पाहिलं.

"बबन, हा शेंद्र्या होय."

बबनचा चेहरा पडला. तो चाचरत सगळं बोलून गेला आणि शेवटी म्हणाला, "काका, आता ते कॉलेजचं सामान आहे. नंबर पडला त्याच्यावर."

मला वाटलं, म्हातारा आता याच्या थोबाडीत देतो. द्यायला हवी होती. पण पुंजाजी खालीच बसून होता.

"राहू दे मंग," तो म्हणाला. "पन याचा उजवा पाय मोडला होता. तू ते हाड डाव्या बाजूले लावलं. तेवढं तरी बरोबर कर. पोरं पाहून शिकून राह्यली न याच्यावर."

बबननं दाराकडे पाहिलं. आता ते होणार नाही, म्हणाला. बदलायचं तर साहेबांना चूक सांगावी लागेल. तेवढ्यात घंटा झाली, वर्गाची पोरं आत आली. बबननं काकाचा हात हाडावरून उचलून बाजूला केला. आम्ही दोघं भिंतीशी सरकलो.

साहेब आले नव्हते. बबननं छडी घेतली, त्या गाठीवर टेकवली आणि म्हणाला, "हा डावा पाय."

पोरांनी लिहून घेतलं.